फाइल पोहोचली, पण तीच नव्हती

आमच्या कोल्हापूरच्या छापखान्यात दिवाळी अंकाची पानं मशीनवर चढायच्या आदल्या रात्री एका फोटोच्या मधोमध हिरवा पट्टा दिसला. डिझाइनच्या मशीनवरची मूळ फाइल स्वच्छ होती, सर्व्हरवर गेलेली बिघडलेली. आकार दोन्हींचा बाइटपर्यंत सारखा, एरर कुठेच नाही. मी केबल बदलली, स्विच बदलला, रात्र गेली. केबल खराब असेल तर सहसा फाइल बिघडत नाही, काम मंदावतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. तारेत बिघडलेली फ्रेम, म्हणजे डेटाचा तुकडा, नेटवर्क कार्डच सीआरसी (फ्रेमसोबत येणारा तपासणीचा आकडा) तपासून टाकून देतं. लिनक्सच्या इथटूल या नेटवर्क कार्डाच्या कमांडच्या आकडेवारीत सीआरसी एरर वाढताना दिसले, तरच केबलला हात लावा.

सुरुवात नेटवर्क बाजूला ठेवून करा. एकाच मशीनवर २ जीबीची फाइल घ्या आणि शा-२५६ सम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, दोन-तीनदा काढा, मधे एकदा मशीन रीस्टार्ट करा, नाहीतर फाइल डिस्कऐवजी मेमरीतूनच वाचली जाते. दरवेळी वेगळं उत्तर आलं तर रॅम किंवा डिस्क बघा. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालू द्या. दोन्ही मशीनांवर हे करायचं.

मग तीच फाइल एकदा नेटकॅट आणि एकदा एससीपी या फाइल पाठवायच्या कमांडने पाठवा. नेटकॅट स्वतः काही तपासत नाही. एससीपी मात्र डेटा एन्क्रिप्ट करून पाठवतं आणि पोहोचल्यावर तपासतं; ते ‘करप्टेड मॅक ऑन इनपुट’ म्हणून तुटलं, तर डेटा एन्क्रिप्ट झाल्यानंतर वाटेत बिघडला. एससीपी न तुटता शा-२५६ चुकला, तर घोळ बहुधा त्याआधीचा किंवा नंतरचा, म्हणजे पुन्हा रॅम आणि डिस्क.

खरी मेख चेकसम ऑफलोडमध्ये आहे, म्हणजे चेकसम (डेटा बरोबर आला का हे पडताळायचा आकडा) बघायचं काम कार्डावर सोपवण्यात. टीसीपीचा (डेटा नीट पोहोचवण्याची नेटवर्कची पद्धत) चेकसम हल्ली बहुतेक वेळा कार्डच तपासतं आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. कार्डाने ‘ठीक’ म्हटल्यावर डेटा मेमरीत उतरताना बिघडला, तर तो बिघाड टीसीपीला कळतच नाही. म्हणून घेणाऱ्या मशीनवर इथटूलने आरएक्स, म्हणजे येणाऱ्या डेटाचा, चेकसम ऑफलोड बंद करा आणि फाइल पुन्हा पाठवा. आमच्याकडे आधी पाचातल्या दोन फाइली बिघडत; ते बंद केल्यावर पाठवलेल्या दहाही बरोबर आल्या, फक्त सावकाश, कारण बिघडलेलं पॅकेट कर्नल टाकून देतो आणि ते पुन्हा येतं. फरक पडला नाही तर पाठवणाऱ्या बाजूचा टीएक्स, म्हणजे जाणाऱ्या डेटाचा, ऑफलोड बंद करून बघा. तिथे टीसीपीडंपने (पॅकेट दाखवणारी कमांड) ‘चेकसम चुकीचा’ दाखवलं तर घाबरू नका. ऑफलोड चालू असताना चेकसम कार्डात नंतर भरला जातो.

दोष कार्डाचा की ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे ड्रायव्हरचा, हे अदलाबदलीनेच ठरतं. आमचं कार्ड दुसऱ्या मशीनवर कर्नलच्या मूळ ड्रायव्हरने नीट चाललं. सर्व्हरवर कुणीतरी वेगळा ड्रायव्हर घातला होता; इथटूलला छोटा आय (-i) दिल्यावर नाव आणि आवृत्ती दिसली. तो काढला, ऑफलोड पुन्हा चालू केला, फाइली शाबूत.

पण जुन्या फाइली राहतात. फोल्डरांची नक्कल करणारा आरसिंक एरवी नुसता आकार आणि वेळ बघतो, म्हणून बिघडलेली फाइल त्याला ठीक वाटते. त्याला छोटा आर, एन, सी आणि व्ही (-rncv) देऊन, काहीही न बदलता, मूळ फोल्डरशी सगळं ताडून घ्या. आमच्याकडे अशा ३७ फाइली निघाल्या; त्यातल्या तीन छापून गेल्या होत्या.