हेवीचं लायसन्स मिळालं, आता कोणाची गाडी आणि कोणता माल?

वणी, घुग्गुस, हिंगणघाट, गोंदिया या विदर्भाच्या पट्ट्यात ड्रायव्हर कायम हवेच असतात. हेवीचं, म्हणजे ट्रक-टिप्परसारख्या जड गाडीचं लायसन्स हाती पडलं की कोणीतरी चावी पुढे करतोच. त्या वेळी घाई करू नका, भाऊ. पहिलं वर्ष शिकण्याचं आहे. पगार थोडा कमी असला तरी ज्याचे कागद चोख आणि हिशेब लेखी, त्याच मालकाकडे लागा.

1. आधी आपलं लायसन्स वाचा

ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वय 20 पूर्ण लागतं आणि हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं असावं लागतं. पेट्रोल, डिझेल, गॅस किंवा रसायनाचा टँकर चालवायचा तर एवढ्यावर भागत नाही. त्यासाठी तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. गायगाव किंवा बोरखेडीच्या इंधन डेपोवर गाडी लावतो, नोंद मागाहून करू, असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा.

2. माल निवडा

कोळशाचा टिप्पर सगळ्यांना ओढतो, कारण रोज घरी येता येतं. पण तिथे बहुतेकदा पैसे फेरीवर असतात. जितक्या फेऱ्या तितकी कमाई, म्हणून झोप कमी होते आणि वेग वाढतो. शिवाय डाला (मागचा हौदा) उचलताना मागची चाकं सपाट, घट्ट जमिनीवर नसतील तर भरलेला टिप्पर आडवा होतो, आणि वर विजेची तार असली तर बोलायलाच नको. नव्या ड्रायव्हरने पहिल्या वर्षी फेरीवरचा टिप्पर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वरुड, मोर्शी, काटोलचा संत्रा नाशवंत. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर ते डिसेंबर निघतो, मृग बहाराचा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. मंडी गाठायची म्हणून रात्र-रात्र गाडी चालवावी लागते. हे काम अनुभव आल्यावर घ्या.

जिनिंगमधून निघणारी रुईची गाठ साधारण 170 किलोची. गाठी उंच रचल्या की गाडीचा तोल वर जातो आणि वळणावर गाडी झुकते. ठिणगीचीही भीती असते. अशा गाडीजवळ विडी पेटवूच नका.

माझ्या मते सुरुवातीला गोण्यांचा माल सगळ्यात बरा: गडचांदूरकडचं सिमेंट, गोंदियाचा तांदूळ, सोयाबीन. सिमेंटची गोणी 50 किलोची, त्यामुळे मोजदाद सोपी. माल खाली आणि सारखा बसतो. ताडपत्री ओढणं, दोर आवळणं, काटा (गाडीचं वजन) करणं, बिल्टी (मालाची ट्रान्सपोर्ट पावती) तपासणं हे सगळं इथे हाताखालून जातं. त्रास एकच, गेटवर लोडिंगची रांग. त्या थांबण्याचा भत्ता मिळतो का ते विचारून ठेवा. पहिल्यांदा सहाचाकी घ्या, मग दहाचाकी.

3. मालक पारखा

एक-दोन गाड्यांचा मालक पुष्कळदा स्वतः ड्रायव्हर राहिलेला असतो, शिकवतो, घरच्यासारखं वागवतो. पण गाडी गॅरेजला लागली की पगारही अडू शकतो. मोठ्या ट्रान्सपोर्टमध्ये पगाराची तारीख ठरलेली असण्याची शक्यता जास्त आणि पीएफची आशा असते. दोन्हीकडे कामं चांगली मिळतात, तपासणी मात्र तीच.

गाडीचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाका आणि इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसीची मुदत स्वतः पाहा. परमिट मालकाकडून मागून पाहा. इन्शुरन्स नसलेली गाडी चालवली तर गुन्हा चालवणाऱ्यावरही लागतो. टायर हाताने चाचपून बघा. मग काट्याजवळच्या टपरीवर त्या मालकाच्या जुन्या ड्रायव्हरला एवढंच विचारा: मागचा पगार कोणत्या तारखेला मिळाला?

ओव्हरलोडबद्दल आधीच बोला. दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जास्तीच्या टनामागे 2,000, आणि जास्तीचा माल जागेवर उतरवावा लागतो. ‘दंड मी भरीन’ असं मालक म्हणेलही, पण बुलढाण्याच्या राजूर घाटात ब्रेकवर पाय तुमचा असतो. आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरच्या) वजनापेक्षा जास्त भरायला लावणारा मालक पहिल्याच दिवशी सोडा.

4. हिशेब आधी ठरवा

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे उचल, पगारावर आगाऊ घेतलेली रक्कम. लग्न, दवाखाना, पेरणी यासाठी मालक मोठी रक्कम आनंदाने देतो, आणि ती फिटेस्तोवर गाडी सोडता येत नाही. पहिल्या सहा महिन्यांत शक्यतो उचल घेऊच नका. घेतलीच तर महिन्याला किती कापणार ते लिहून घ्या.

पगार वेगळा, रोजचा भत्ता वेगळा. डिझेलचा अ‍ॅव्हरेज कमी आला, गोणी भिजली, पंक्चर झालं, चालान आलं, उतरवायची हमाली द्यावी लागली, तर कोण भरणार? महिन्यात घरी किती दिवस? हे ठरलं की व्हॉट्सअ‍ॅपवर मालकाला पाठवा आणि ‘हो’ असं उत्तर घ्या. लायसन्स आणि आधारची मूळ प्रत कोणाकडे ठेवू नका.

ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद, त्याला मुदत असते. ‘ई-वे बिल संपेल, पळव’ असा दबाव आला तर स्वतः गणित करा. साध्या मालासाठी 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. दिवसाला आठ तास काम हीच कायद्याची चौकट आहे.

बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करा: वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण. मालकाच्या भरवशावर हे सोडू नका.

5. पहिल्या खेपा

जुन्या ड्रायव्हरसोबत जायला मिळतं का ते मागून बघा. चांगला मालक नाही म्हणत नाही. सुरुवातीला समृद्धी टाळलेला बरा. सरळ रस्त्यावर डोळा लागतो आणि झिजलेला टायर तापून फुटतो.

भरलेली गाडी काट्यावर उभी असतानाच काटापावती, बिल्टीवरचं वजन आणि गोण्यांचा आकडा जुळवा. फरक दिसला तर गेटच्या आतच सांगा आणि तशी नोंद करून घ्या. बाहेर पडल्यावर तूट ड्रायव्हरच्याच नावावर लागते.