नर्सिंग प्रवेशाचे उत्तर येईपर्यंत काय करावे

अर्ज भरला, प्रवेश परीक्षा किंवा मुलाखत पार पडली, आता फक्त उत्तराची वाट पाहायची, असे नर्सिंगच्या बहुतेक उमेदवारांना वाटते. प्रत्यक्षात या टप्प्यावर करण्यासारखी बरीच कामे असतात आणि त्यांतली काही अशी असतात की, नंतर कितीही धावपळ केली तरी ती ठरलेल्या वेळेआधी होत नाहीत. होकार आल्यावर जागा निश्चित करण्यासाठी आणि आरोग्यविषयक कागदपत्रे सादर करण्यासाठी मिळणारी मुदत बहुधा तोकडी असते. त्यामुळे या काळाचे नियोजन शेवटाकडून करावे. म्हणजे होकार आल्याच्या दुसऱ्या दिवशी काय काय मागितले जाईल त्याची यादी आधी करावी आणि तिथून मागे येत आजचे काम ठरवावे.

उत्तराला उशीर का होतो, हे समजले की निम्मी तगमग कमी होते. नर्सिंगच्या जागा केवळ वर्गातल्या बाकांवरून ठरत नाहीत. विद्यार्थ्यांना रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्णांजवळ काम करावे लागते, त्या वेळी एका शिक्षिकेला एका वॉर्डात मोजक्याच विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवता येते, आणि त्याच वॉर्डात अनेकदा दुसऱ्या संस्थांचेही विद्यार्थी येत असतात. म्हणून संस्था जागा सांभाळून देते. पहिल्या यादीतील किती जण प्रवेश घेतात ते पाहते आणि रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी प्रतीक्षा यादी उघडते. या मधल्या काळात ज्यांना काहीच कळवलेले नसते, त्यांचा अर्ज फेटाळला गेला आहे असे मानण्याचे कारण नाही.

आपली संस्था कोणत्या पद्धतीने प्रवेश देते, हे मात्र नीट माहीत करून घ्यावे. काही ठिकाणी गुणवत्ता यादी ठरलेल्या तारखांना, फेऱ्यांमध्ये लागते. तिथे तारखेआधी चौकशी करून काहीही साधत नाही. इतर ठिकाणी अर्ज जसजसे पूर्ण होतील तसतसे वाचले जातात आणि जागा भरत जातात. या दुसऱ्या पद्धतीत अपूर्ण अर्ज कोणी नाकारत नाही, पण कोणी वाचतही नाही. तो नुसता पडून राहतो.

म्हणूनच पहिले काम अर्जाची स्थिती तपासण्याचे. पोर्टलवर ‘अर्ज प्राप्त’ असे दिसणे आणि ‘अर्ज पूर्ण’ असे दिसणे यांत मोठा फरक आहे, कारण पहिल्याचा अर्थ फक्त फॉर्म आणि शुल्क पोहोचले एवढाच असू शकतो. आधीच्या शिक्षणसंस्थेने थेट पाठवायच्या गुणपत्रिका आणि शिफारसपत्रे या दोन गोष्टी सर्वाधिक अडकतात, कारण त्या आपल्या हातात नसतात. ज्यांना शिफारसपत्र मागितले आहे त्यांना मुदतीची आठवण नम्रपणे करून द्यावी आणि पत्र गेल्यावर आभार मानायला विसरू नये. सर्व कागदपत्रांवर नाव एकसारखे आहे का तेही पाहावे. लग्नानंतर बदललेले आडनाव किंवा वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरक पडताळणीच्या दिवशी त्रासदायक ठरतो आणि नावबदलाचा पुरावा मिळवायला वेळ लागतो. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: अर्जात दिलेला ईमेल पत्ता शाळेचा, कॉलेजचा किंवा नोकरीच्या ठिकाणचा असेल तर तो मध्येच बंद होऊ शकतो. तसे असल्यास लगेच वैयक्तिक पत्ता नोंदवावा, संस्थेचा पत्ता संपर्क यादीत जतन करावा आणि स्पॅमचा कप्पा रोज एकदा उघडून पाहावा. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. दर तासाला पोर्टल उघडून उत्तर लवकर येत नाही.

विचारणा करायची असेल तर ती जाहीर केलेली तारीख उलटून कामकाजाचे काही दिवस गेल्यावर करावी. तारीख जाहीरच केलेली नसेल, तर साधारणपणे कधीपर्यंत कळेल एवढेच विचारावे. पत्र छोटे असावे आणि त्यात प्रश्न एकच असावा. उदाहरणार्थ: “महोदय, मी नर्सिंग पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज केला असून माझा अर्ज क्रमांक सोबत दिला आहे. निकाल जाहीर होण्याची तारीख उलटून गेली आहे, तथापि पोर्टलवर अद्याप ‘छाननी सुरू’ असेच दिसते. माझ्याकडून एखादे कागदपत्र येणे बाकी आहे का, हे कृपया कळवावे.” असा प्रश्न विचारला की समोरच्याला अर्ज उघडून पाहावाच लागतो, ‘माझे काय झाले’ या प्रश्नाला मात्र ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढेच उत्तर येते. विचारणा उमेदवाराने स्वतः करावी. बऱ्याच संस्था अर्जदाराव्यतिरिक्त इतरांना, अगदी पालकांनाही, माहिती देत नाहीत, आणि ज्या व्यवसायात उद्या रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलायचे आहे त्याची सुरुवात आईवडिलांना फोन करायला लावून करणे माझ्या मते बरे नव्हे.

लसीकरणाला सर्वाधिक वेळ लागतो

आता ज्या कामाला घाई चालत नाही त्याकडे वळू. रुग्णालयात पाऊल ठेवण्याआधी विद्यार्थ्यांकडून लसीकरणाचे पुरावे मागितले जातात आणि त्यांत हिपॅटायटिस बी ची लस बहुधा असतेच. हा विषाणू रक्तावाटे पसरतो, सुई टोचण्याचा अपघात हा नर्सिंगमधला नेहमीचा धोका आहे, आणि वाळलेल्या रक्तात, पृष्ठभागावर, हा विषाणू किमान ७ दिवस टिकू शकतो. लसीची नेहमीची मालिका ३ डोसांची असते: पहिला डोस, त्यानंतर १ महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून ६ महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसानंतर १ ते २ महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडांची (विषाणूशी लढणाऱ्या रक्तातील प्रथिनांची) पातळी लिटरमागे १० आंतरराष्ट्रीय एककांपेक्षा कमी नाही ना हे पाहिले जाते. म्हणजे शून्यापासून सुरुवात केली तर हा सारा प्रवास ७ ते ८ महिन्यांचा होतो. काही देशांत ४ आठवड्यांच्या अंतराने द्यायची २ डोसांची लसही मिळते, पण ती सर्वत्र उपलब्ध नाही. बहुतेक संस्था मालिका सुरू असलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश देतात. तरीही निदान पहिला डोस झालेला असणे आणि नसणे यांत फरक पडतो. पूर्वी कधी एखादा डोस घेऊन पुढचे राहिले असतील तर काळजी नको, खंड पडला म्हणून मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही.

गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचे २ डोस किमान २८ दिवसांच्या अंतराने लागतात आणि कांजिण्यांच्या लसीचेही २ डोस लागतात. लहानपणीचे लसीकरण कार्ड हरवले असेल तर निराश होऊ नये. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून प्रतिकारशक्ती असल्याचे सिद्ध करता येते आणि तो अहवाल अनेक संस्था स्वीकारतात. गरोदर असलेल्यांनी किंवा तशी शक्यता असलेल्यांनी मात्र या दोन्ही लसी घेऊ नयेत, कारण त्या जिवंत विषाणूंपासून बनवलेल्या असतात. अशा वेळी डॉक्टरांकडून तसे पत्र घ्यावे.

क्षयरोगाच्या तपासणीत एक खाच आहे आणि ती माहीत नसल्यामुळे महिना वाया जाऊ शकतो. हातावर टोचून करायच्या चाचणीचा निकाल ४८ ते ७२ तासांत प्रत्यक्ष दाखवावा लागतो. शुक्रवारी चाचणी करून सोमवारी जायचे ठरवले आणि जमले नाही, तर ती नव्याने करावी लागते. काही संस्था हीच चाचणी १ ते ३ आठवड्यांनी दुसऱ्यांदा करायला सांगतात. शिवाय जिवंत विषाणूची लस घेतल्यानंतर काही काळ या चाचणीचा निकाल खोटा नकारात्मक येऊ शकतो, म्हणून चाचणी लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी करावी, अन्यथा ४ आठवडे थांबावे. लहानपणी क्षयरोगाची बीसीजी लस घेतलेल्यांच्या बाबतीत रक्ताची चाचणी अधिक उपयोगी पडते, कारण बीसीजीमुळे तिच्या निकालात फरक पडत नाही आणि निकाल दाखवायला दुसऱ्यांदा जावेही लागत नाही. हे सगळे करण्याआधी संस्थेचा आरोग्यविषयक फॉर्म मिळवून तो डॉक्टरांपुढे ठेवावा. फॉर्मवर जे लिहिले असेल तेच प्रमाण मानावे.

उरलेली तयारी

जीवरक्षणाच्या प्राथमिक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र अनेक ठिकाणी मागतात. ते घेताना पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव करून घेणारा वर्ग निवडावा, कारण केवळ ऑनलाइन मिळालेले प्रमाणपत्र पुष्कळदा चालत नाही. मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल छाती दाबणे व्हिडिओ पाहून जमत नाही. पोलीस पडताळणी मात्र मागितल्याशिवाय करू नये. आतापर्यंतच्या राहत्या पत्त्यांची तारखांसह यादी तेवढी लिहून ठेवावी.

अभ्यासाच्या बाबतीत माझा सल्ला थोडा वेगळा आहे. शरीररचनाशास्त्राचे जाडजूड पुस्तक आताच आणून बसण्यापेक्षा औषधमात्रेचे गणित पक्के करावे, कारण कित्येक संस्थांत या एका विषयाच्या चाचणीत जवळपास पूर्ण गुण मिळाल्याशिवाय वॉर्डात औषध देऊ देत नाहीत. समजा ३७५ मिलिग्रॅम औषध द्यायचे आहे आणि बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असे लिहिले आहे, तर ३७५ ला २५० ने भागून ५ ने गुणले की ७.५ मिलिलिटर हे उत्तर येते. १००० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यायचे असेल तर ताशी १२५ मिलिलिटर होते. सलाईनच्या नळीच्या संचातून १ मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब. सोबत लिहिण्याची सवयही लावून घ्यावी: पूर्णांकापुढे दशांश चिन्ह देऊन शून्य लिहू नये आणि अपूर्णांकाआधीचा शून्य कधी गाळू नये, कारण ५.० हे घाईत ५० वाचले जाते आणि .५ हे ५.

याच काळात संस्थेची मान्यताही तपासावी. अभ्यासक्रमाला त्या देशातील परिचर्या परिषदेची किंवा नोंदणी करणाऱ्या यंत्रणेची मान्यता नसेल, तर तो पूर्ण करूनही परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. ही तपासणी संस्थेच्या जाहिरातीवरून करू नये, यंत्रणेच्या स्वतःच्या यादीत नाव शोधावे. उत्तर लांबले की ‘आतून जागा मिळवून देतो’ म्हणणारे लोक भेटू लागतात. संस्थेच्या अधिकृत खात्याखेरीज कुठेही पैसे भरू नयेत आणि मूळ कागदपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत.

उत्तर आल्यावर

होकार आला तर पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. तो अनेकदा सशर्त असतो. अमुक परीक्षेत अमुक गुण मिळाल्यास किंवा वैद्यकीय तपासणी योग्य आढळल्यास, अशा अटी त्यात असतात. दुसऱ्या, अधिक आवडीच्या संस्थेचे उत्तर यायचे असेल, तर हातातील जागेची मुदत थोडी वाढवून मिळेल का असे लेखी विचारावे, आणि भरायचे शुल्क परत मिळणारे आहे की नाही हे आधी पाहावे. जी जागा घ्यायची नाही ती ताबडतोब सोडावी, कारण प्रतीक्षा यादीतले कोणीतरी तिच्यावर अवलंबून असते.

प्रतीक्षा यादीत नाव असेल तर आपला क्रमांक कोणता, तो सरकला तर कोणत्या मार्गाने कळवणार आणि उत्तर द्यायला किती वेळ मिळणार, एवढ्या तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. अशी बोलावणी अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तोंडावर येतात, म्हणून शुल्काची सोय आणि कागदपत्रांची फाइल तयार ठेवावी, आणि फोन बंद राहील अशा ठिकाणी जाताना ईमेल पाहणारे कोणी तरी घरी असावे.

नकार आला तर दोन दिवस जाऊ द्यावेत, मग कोणत्या निकषावर आपण मागे पडलो हे विचारावे. सर्व संस्था सांगत नाहीत, पण ज्या सांगतात त्यांचे उत्तर पुढच्या अर्जासाठी फार मोलाचे असते. तोपर्यंत केलेल्या तयारीतील काय पुढच्या वर्षी चालेल, याचा हिशेब मांडावा. लसींचे डोस आणि प्रतिपिंडांचे अहवाल कायम उपयोगी पडतात. जीवरक्षणाचे प्रमाणपत्र सामान्यतः २ वर्षे चालते, आयईएलटीएससारख्या भाषा परीक्षेचा निकालही बहुधा २ वर्षेच ग्राह्य धरतात. क्षयरोगाची तपासणी पुन्हा करावी लागण्याची शक्यता अधिक, त्यामुळे तिची वेळ पुढच्या प्रवेशाच्या जवळ येईल अशी ठेवावी.