पुढची हालचाल कोणाची? : अभ्यासक्रमांच्या संचातील विद्यार्थ्यांची प्रगती फलकावर मांडताना

ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या एका संस्थेत विद्यार्थी-साहाय्य समन्वयक म्हणून मी रुजू झाले, तेव्हा माझ्या हाती एक एक्सेल शीट सोपवण्यात आली. चार अभ्यासक्रमांचा तो एक संच होता : संख्याशास्त्राची ओळख, स्प्रेडशीट, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) आणि शेवटी एक स्वतंत्र प्रकल्प. विद्यार्थी चारही अभ्यासक्रमांसाठी एकदमच नाव नोंदवत, शुल्कही एकदमच भरत आणि चारही पूर्ण केल्यावर त्यांना एकच प्रमाणपत्र मिळे. शीटमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे एक टक्केवारी होती आणि दर सोमवारी ती अद्ययावत करून वरिष्ठांना पाठवणे हे माझे काम होते. दोन महिने मी ते मन लावून केले, परंतु कोणता विद्यार्थी नेमका कुठे अडला आहे, हे त्या शीटवरून मला एकदाही कळले नाही.

या कामात नव्याने येणाऱ्यांनी आधी टक्केवारीचा हा दोष नीट समजून घ्यावा. ज्याने पहिला अभ्यासक्रम कालच संपवला आहे आणि आज रात्री दुसरा उघडणार आहे, त्याच्यापुढे 25 टक्के असा आकडा दिसतो. ज्याने तोच अभ्यासक्रम दोन महिन्यांपूर्वी संपवला आणि त्यानंतर लॉगिनच केले नाही, त्याच्यापुढेही 25 टक्केच असतात. 50 टक्क्यांचे तर आणखी विचित्र आहे. दोन अभ्यासक्रम पूर्ण करून दोन बाकी असणारा आणि चारही अर्धवट सोडलेला, हे दोघेही तिथे शेजारी-शेजारी बसतात. वास्तविक पहिल्याला कसल्याही मदतीची गरज नसते आणि दुसऱ्याला ती तातडीने हवी असते.

संचाच्या बाबतीत याहून खोल अशी एक अडचण आहे. सुट्या अभ्यासक्रमात विद्यार्थी गळतो तो बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांत, आणि तिथले शिक्षक ते पाहू शकतात. संचात मात्र दोन अभ्यासक्रमांच्या मधली रिकामी जागा ही गळतीची वेगळी जागा असते आणि तिच्यावर कोणाचेच लक्ष नसते. पहिल्या अभ्यासक्रमाच्या शिक्षकांच्या लेखी तो विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेलेला असतो, दुसऱ्याच्या शिक्षकांच्या लेखी तो अजून आलेलाच नसतो आणि एलएमएसच्या (अभ्यासक्रम चालवणाऱ्या आणि नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीच्या) दृष्टीने तो कुठेही अडलेला नसतो, कारण एक अभ्यासक्रम पूर्ण आहे आणि दुसरा सुरू झालेला नाही. आमच्याकडचे सर्वांत जास्त हरवलेले विद्यार्थी याच फटीत होते.

म्हणून आम्ही शीट बाजूला ठेवून फलक केला : प्रत्येकाचे एक कार्ड आणि अवस्था बदलली की ते एका स्तंभातून दुसऱ्यात सरकवायचे. ही पद्धत कानबान या नावाने ओळखली जाते. जपानी भाषेत त्या शब्दाचा अर्थ पाटी किंवा फलक असा आहे आणि टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ती विकसित केली. कारखान्यात पुढच्या टप्प्यावरचे सुटे भाग वापरले गेले की मागच्या टप्प्याकडे कार्ड जाई आणि त्या कार्डावरून त्यांना कोणते भाग किती हवेत हे समजे. काम किती झाले यापेक्षा आता कोणाकडून काय हवे आहे, हे ते कार्ड सांगत असे. पुढे सॉफ्टवेअरच्या क्षेत्राने ही पद्धत उचलली आणि 2011 साली आलेल्या ट्रेलोसारख्या ऑनलाइन फलकांच्या साधनांमुळे ती कोणालाही वापरता येऊ लागली. आमच्या कामाला लागू पडला तो तिच्यातला मूळ प्रश्न : पुढची हालचाल कोणाची?

पहिला फलक मी चुकीचा केला, आणि ती चूक बहुतेक सगळेच करतात असे मी पुढे पाहिले. मी अभ्यासक्रमाच्या घटकांचेच स्तंभ केले : घटक एक, घटक दोन, चाचणी, असाइनमेंट. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याची प्रत्येक अभ्यासक्रमासाठी वेगळी कार्डे केली. 60 विद्यार्थी आणि चार अभ्यासक्रम म्हणजे 240 कार्डे. तो फलक वाचण्यापेक्षा शीट वाचणे सोपे होते. दुसऱ्या खेपेस एका विद्यार्थ्याला एकच कार्ड दिले आणि त्यावर चार लहान चौकटी ठेवल्या. फलकाच्या आडव्या ओळी म्हणजे सध्या चालू असलेला अभ्यासक्रम आणि उभे स्तंभ म्हणजे विद्यार्थ्याची अवस्था, अशी मांडणी ठरली.

स्तंभांची नावे ठरवताना आम्ही एकच कसोटी लावली : नाव वाचताच पुढचे पाऊल कोणी उचलायचे आहे, ते कळले पाहिजे. ‘प्रगतीत’ हे नाव आम्ही टाळले, कारण त्यातून काहीच कळत नाही. ‘शिकत आहे’ म्हणजे हालचाल विद्यार्थ्याची. ‘आमच्याकडे तपासणीसाठी’ म्हणजे आमची. ‘दुरुस्तीसाठी परत’ म्हणजे पुन्हा विद्यार्थ्याची, परंतु अभिप्राय त्याला समजला आहे ना, हे विचारण्याची जबाबदारी आमची. ‘कळवून थांबले’ हा स्तंभ परीक्षा, नोकरीतील ताण किंवा घरातील कारणामुळे आपणहून सवड मागणाऱ्यांसाठी होता आणि तिथल्या प्रत्येक कार्डावर परतण्याची तारीख असलीच पाहिजे, असा नियम केला. सर्वांत महत्त्वाचा स्तंभ ‘दोन अभ्यासक्रमांच्या मध्ये’ हा ठरला. त्याआधी त्या अवस्थेला आमच्याकडे नावच नव्हते. नाव मिळाल्यावर ती दिसू लागली, आणि पहिल्याच दिवशी त्या स्तंभात 11 कार्डे जमा झालेली पाहून आमची बैठक बराच वेळ शांत राहिली.

त्या अकरा जणांना मी एकेक करून फोन केला. काहींना दुसरा अभ्यासक्रम उघडलेला आहे हेच माहीत नव्हते, कारण त्याची सूचना नाव नोंदवलेल्या दिवशी, म्हणजे कितीतरी आठवड्यांपूर्वी, ईमेलने गेलेली होती. काहींना दुसऱ्या अभ्यासक्रमाचा दुवा पहिल्याच्या पानावर सापडत नव्हता. एका विद्यार्थिनीने तर, ‘मॅडम, पहिला कोर्स संपल्याचं अभिनंदन आलं, मला वाटलं झालं सगळं,’ असे सांगितले. ती गेले महिनाभर प्रमाणपत्राची वाट पाहत होती. पहिल्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या पडद्यावर पुढच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या धड्याचा थेट दुवा देणे ही आमची पहिली सुधारणा होती. ती करायला अर्धा तासही लागला नाही.

प्रत्येक कार्डावर ते सध्याच्या स्तंभात आल्याची तारीख लिहावी. मला विचाराल तर फलकावरची सर्वांत उपयुक्त माहिती हीच आहे. आमच्याकडे एका विद्यार्थ्याच्या कार्डावर तपासणीच्या स्तंभात आल्याची तारीख 19 दिवसांपूर्वीची होती. जुन्या शीटमध्ये त्याच्यापुढे 96 टक्के दिसत असल्याने कोणीच त्याच्याकडे पाहिले नसते. उलट तो आमचा उत्तम विद्यार्थी म्हणून गणला गेला असता. प्रत्यक्षात त्याने प्रकल्प वेळेत सादर केला होता, त्याची फाइल सुटीवर गेलेल्या परीक्षकांच्या नावे पडून होती आणि आपले काम इतके वाईट झाले आहे की कोणी उत्तरही देत नाही, असा समज त्याने करून घेतला होता. त्यानंतर तपासणीच्या स्तंभाला आम्ही मर्यादा घातली. त्यामागचा हिशेब साधा आहे आणि जॉन लिटल या अमेरिकी संशोधकांनी 1961 साली त्याची सिद्धता दिली आहे : रांगेतील कामांची सरासरी संख्या भागिले रोज हातावेगळ्या होणाऱ्या कामांची सरासरी म्हणजे प्रतीक्षेचा सरासरी काळ. तपासणीत 24 असाइनमेंट असतील आणि रोज चार तपासून होत असतील, तर विद्यार्थ्याला सरासरी सहा दिवस थांबावे लागणार. आम्हाला तीन दिवसांत उत्तर द्यायचे होते, म्हणून मर्यादा 12 ठेवली आणि तेरावे कार्ड आले की दुसरी कामे थांबवून तपासणीला बसायचे, असे ठरवले. अशी मर्यादा विद्यार्थ्यांच्या स्तंभांना मात्र घालू नये. शिकणाऱ्यांची संख्या आपल्या सोयीने आवरायची नसते.

‘पूर्ण’ या शब्दाकडे वळते, कारण संचात तो शब्द फार फसवा ठरतो. संचातील अभ्यासक्रम अनेकदा वेगवेगळ्या निर्मात्यांचे असतात आणि प्रत्येकाची पूर्णतेची व्याख्या निराळी असते. बरेच अभ्यासक्रम अजूनही स्कॉर्म या मानकानुसार, म्हणजे अभ्यासक्रमाने विद्यार्थ्याची प्रगती एलएमएसला कशी कळवायची याच्या ठरलेल्या नियमांनुसार, बांधलेले असतात. त्याच्या 2001 सालच्या 1.2 आवृत्तीत ‘पाहून झाले’ आणि ‘उत्तीर्ण झाले’ या दोन्ही गोष्टी स्थितीच्या एकाच रकान्यात नोंदवल्या जात. स्कॉर्म 2004 मध्ये त्यांचे दोन वेगळे रकाने झाले. त्यामुळे एका अभ्यासक्रमातील ‘पूर्ण’ म्हणजे शेवटची स्लाइड उघडली एवढेच असू शकते, तर दुसऱ्यातील ‘पूर्ण’ म्हणजे चाचणीत ठरावीक गुण मिळवले असे असू शकते. आमच्या स्प्रेडशीटच्या अभ्यासक्रमात चाचणीत अनुत्तीर्ण झालेलेही पूर्ण म्हणून पुढे सरकत होते आणि एसक्यूएलच्या दुसऱ्या धड्यात अडखळत होते. तेथील शिक्षक आपल्याच धड्यात दोष शोधत राहिले. फलक करण्यापूर्वी प्रत्येक अभ्यासक्रमाची सेटिंग्ज स्वतः उघडून पूर्णतेची अट वाचावी, आणि एक चाचणी खाते काढून मुद्दाम अनुत्तीर्ण होऊन पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे. तरीही ते दुसऱ्यावर सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच प्रकारातली दुसरी गुंतागुंत म्हणजे दोन संचांत सामाईक असलेला अभ्यासक्रम. एखाद्याने आधीच्या संचात स्प्रेडशीट पूर्ण केले असेल, तर नव्या संचात त्याची ती चौकट पहिल्या दिवशीच भरलेली दिसली पाहिजे. आमच्या प्रणालीत तसे आपोआप होत नव्हते आणि एका विद्यार्थ्याला तेच धडे पुन्हा करण्याची स्मरणपत्रे जात राहिली. नाव नोंदणीच्या वेळीच जुन्या नोंदी तपासण्याचा नियम त्यानंतर लागू झाला.

रंगांविषयी थोडे सांगायला हवे. हिरवा, पिवळा आणि लाल ही मांडणी सर्वांना प्रथम सुचते आणि ती नवीनही नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने ‘कोर्स सिग्नल्स’ नावाची प्रणाली याच तत्त्वावर उभी केली होती आणि तिच्यामुळे विद्यार्थी टिकून राहतात, असे सांगितले जाई. 2013 साली काही अभ्यासकांनी त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला : जे विद्यार्थी अधिक काळ टिकले, त्यांच्या वाट्याला ही प्रणाली असलेले अभ्यासक्रम साहजिकच अधिक आले, म्हणजे कार्य आणि कारण यांची अदलाबदल झालेली असू शकते. संचावर काम करणाऱ्याने हा आक्षेप पाठ करून ठेवावा. आमच्याही एका अहवालात, ज्यांना जास्त प्रोत्साहनपर संदेश गेले ते जास्त प्रमाणात चौथ्या अभ्यासक्रमापर्यंत पोहोचले, असे वाक्य जवळजवळ छापले गेले होते. जो चौथ्यापर्यंत टिकला, त्यालाच जास्त संदेश जाणार, हे एका सहकाऱ्याने लक्षात आणून दिले. त्याच सहकाऱ्याला लाल आणि हिरव्या रंगांतला फरक दिसत नसे, म्हणून आम्ही रंगाच्या जोडीला चिन्हही ठेवले : सात दिवस हालचाल नसेल तर एक ठिपका, चौदा दिवस नसेल तर दोन.

तरी ठिपका म्हणजे निष्कर्ष नव्हे. एका विद्यार्थिनीच्या कार्डावर दोन ठिपके आले, तिला स्वयंचलित स्मरणपत्र गेले आणि तिचे दुखावलेले उत्तर आले. इंटरनेट अधूनमधूनच मिळत असल्याने ती सर्व व्हिडिओ उतरवून घेऊन रोज रात्री पाहत होती आणि तिची वही टिपणांनी भरली होती. प्रणालीला लॉगिन दिसते. अभ्यास दिसतोच असे नाही. तेव्हापासून सादर झालेले काम, चाचणीचे गुण, तारखा यांसारख्या निश्चित घटनांवरच कार्डे आपोआप सरकतील अशी व्यवस्था केली. ‘अडले आहे’ किंवा ‘सोडून गेले’ असे म्हणण्याचा अधिकार मात्र विद्यार्थ्याशी बोललेल्या माणसाकडेच ठेवला. नव्या माणसाने तर पहिले पाच-सहा आठवडे सगळी कार्डे हातानेच हलवावीत असे मी सांगते, कारण कार्ड हलवताना ते नाव एकदा तरी डोळ्यांखालून जाते.

विद्यार्थ्याच्या खासगी बाबी कार्डावर लिहू नयेत. ‘आजारपण’ हा शब्दही आम्ही काढून टाकला. ‘कळवून थांबले, परत 14 तारखेला’ एवढे पुरेसे होते. संपूर्ण फलक विद्यार्थ्यांना दाखवू नये. प्रत्येकाला केवळ आपल्या कार्डाची पट्टी दिसावी : चार चौकटी, सध्याची अवस्था आणि पुढचे पाऊल कोणाचे. हे शेवटचे कळू लागल्यावर ‘माझ्या असाइनमेंटचं काय झालं?’ असे विचारणारे ईमेल येणे बरेच कमी झाले.

साप्ताहिक बैठकीत फलक उजवीकडून डावीकडे वाचावा, म्हणजे पूर्णतेच्या सर्वांत जवळ असलेल्यांपासून सुरुवात करावी. डावीकडून सुरुवात केली, तर नव्याने आलेल्यांविषयी बोलण्यातच वेळ संपतो आणि प्रकल्पाच्या शेवटच्या दुरुस्तीवर अडलेला विद्यार्थी आणखी आठवडाभर तसाच राहतो. प्रत्येक कार्डावर चर्चाही करू नये. ज्यांवर ठिपका आहे, जी आमच्याकडे अडली आहेत आणि जी दोन अभ्यासक्रमांच्या मध्ये आहेत, एवढीच कार्डे घ्यावीत; 60 विद्यार्थ्यांसाठी अर्धा तास पुरतो.

‘कळवून थांबले’ या स्तंभातली कार्डे काढून टाकू नयेत. चार महिन्यांपूर्वी थांबलेल्या एका विद्यार्थ्याच्या कार्डावर मी तेव्हा एक ओळ लिहून ठेवली होती : ‘एसक्यूएल, जॉइनचा दुसरा सराव, तिसऱ्या प्रश्नावर अडले.’ ठरलेल्या तारखेला मी त्याला फोन केला, तेव्हा तो आधी संकोचून, इतक्या दिवसांनी आता पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का, असे विचारू लागला. मी त्याला ती ओळ वाचून दाखवली. तो थोडा थांबला आणि म्हणाला, ‘हो, बरोबर, तिथेच होतो मी.’ त्याच संध्याकाळी त्याचे कार्ड ‘शिकत आहे’मध्ये सरकले.