दुकानात गिऱ्हाइकांसाठी वायफाय लावायचं असेल तर आधी गल्ल्याचं नेट वेगळं करा

आमच्या मामांचं नागपुरात प्रतापनगरकडे नाश्त्याचं दुकान आहे, सकाळी तर्री पोहा, संध्याकाळी समोसे, आणि आजूबाजूला हॉस्टेलची पोरं भरपूर. "काका, वायफाय आहे का?" हे रोजचंच. मामांनी सरळ राउटरचा पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. पंधरा दिवसांत वरच्या मजल्यावरचे भाडेकरूही त्यावरच पिक्चर पाहून राहिले होते, आणि इकडे रविवारी ऐन गर्दीत बिलाचं मशीन अडकलेलं, गिऱ्हाईक पैसे पाठवून उभं आणि मामा ते आले की नाही हे पाहत उभे. मग मी एक अख्खी दुपार बसून सगळं नव्यानं लावून दिलं, ते कसं ते क्रमानं सांगतो.

१. कनेक्शन

फायबरच घ्या. वीस-पंचवीस लोकं बसत असतील तर १०० एमबीपीएसचा प्लॅन भरपूर होतो. पण घरगुती प्लॅनवर गिऱ्हाइकांना नेट देणं चालतं का हे कंपनीला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या, तोंडी "चालते ना भाऊ" वर विसंबू नका.

२. राउटर कुठे लावायचा

गिऱ्हाईक जिथे बसते तिथून दिसेल असा, उंचावर. आपल्याकडे लोकं हमखास कूलरच्या मागे नाहीतर फ्रिजवर ठेवतात. कूलरमध्ये पत्रा आणि पाणी दोन्ही असते आणि दोन्ही सिग्नल खातात, मामांकडे नुसती जागा बदलली तर मागच्या टेबलावर नेट पोचलं. दुसरं म्हणजे ऊन. बरेचसे राउटर ४० अंशांपर्यंतच्याच तापमानासाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात नागपुरात बाहेरच पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा टिनाच्या शेडखाली लटकवलेला राउटर दुपारी तापून बंद पडला तर त्याचा काय दोष. सावलीत, हवा लागेल तिथे लावा. लाईट गेली तरी नेट चालावं म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पण त्यावर फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही चालले पाहिजेत, एकच चालून काही उपयोग नाही. घेण्याआधी दोन्ही ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पियर पाहून घ्या.

३. दोन नेटवर्क करा, हेच मुख्य काम

राउटरच्या सेटिंगमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे गिऱ्हाइकांसाठी वेगळं वायफाय, असते, ते चालू करा आणि दुकानाच्या नावानं ठेवा. बिलिंगचा कॉम्प्युटर, सीसीटीव्ही, प्रिंटर हे सगळं मुख्य नेटवर्कवर, आणि त्याचा पासवर्ड घरच्यांशिवाय कोणालाच नाही, रोजच्या गिऱ्हाइकालाही नाही. गेस्टमध्ये "लोकल नेटवर्क पाहू द्या" असा पर्याय असेल तर तो बंद करा आणि एपी आयसोलेशन चालू करा, म्हणजे एका टेबलावरचा माणूस दुसऱ्याच्या फोनपर्यंत किंवा तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचणार नाही. आणि राउटरचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड बदला, तो डब्याच्या खाली छापलेला असतो आणि पुसायच्या बहाण्यानं कोणीही उलटून पाहू शकते.

४. ओटीपीनं लॉगिन

इथे लोकं कंटाळा करतात, पण करू नका. तुमच्या नेटवरून कोणी भलतंसलतं केलं तर चौकशी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच येते. सार्वजनिक ठिकाणच्या वायफायवर वापरणाऱ्याची ओळख पटवून नोंद एक वर्ष ठेवायची, असं दूरसंचार विभागानं २००९ मध्येच सांगून ठेवलंय, एकतर फोटो ओळखपत्राची प्रत घेऊन नाहीतर मोबाईलवर एसएमएस पाठवून. मिक्रोटिक, ओमाडा अशा राउटरमध्ये लॉगिनचं पान बनवता येते, पण ओटीपीचे एसएमएस स्वतः पाठवायचे तर डीएलटीची, म्हणजे धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांची टेलिकॉम कंपन्यांकडची, नोंदणी लागते, एवढी धावपळ चहावाल्यानं कशाला करायची?

म्हणून मी पीएम-वाणीचा, म्हणजे सार्वजनिक वायफायच्या सरकारी योजनेचा, रस्ता सांगतो. केंद्रीय मंत्रिमंडळानं ९ डिसेंबर २०२० ला ही योजना मंजूर केली. यात तुमचं दुकान म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस, त्याला लायसन्स नाही, नोंदणी नाही, फी नाही. नोंदणी असते ती अशी अनेक दुकानं जोडणाऱ्या ॲग्रिगेटर कंपनीची, तुम्ही तिच्याशी जोडून घ्यायचं, वाणीवर चालणारा ॲक्सेस पॉइंट (वायफायचा डबा) लावायचा आणि लॉगिन, हिशोब हे ती कंपनी पाहते. फुकट द्यायचं नसेल तर छोटी व्हाउचर विकता येतात. नेटवाल्या कंपनीनं कनेक्शनसाठी मनाला येईल तो रेट सांगितला तर हे लक्षात ठेवा की जून २०२५ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, ठरवून दिलंय, २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन अशा दुकानांना जास्तीत जास्त दुप्पट दरात द्यायचे.

५. स्पीड आणि पत्ते

प्रत्येक फोनला ३-४ एमबीपीएसची मर्यादा घाला, व्हॉट्सॲप, नकाशा, अभ्यासाचा व्हिडिओ सगळं निघते. राउटरचे वायफाय बँड दोन असतात, त्यातल्या २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यातलं शेजारी कमी वापरत असतील ते घ्या, ५ गिगाहर्ट्झही चालू ठेवा.

आता एक गोष्ट जी मला दोन रविवार सापडली नाही. सकाळी दहापर्यंत झकास चालायचं, मग नवीन येणाऱ्याच्या फोनवर "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" एवढंच फिरत राहायचं, आणि आधीच्यांचं मात्र सुरळीत. कारण असं की राउटर प्रत्येक फोनला एक पत्ता देतो, मामांच्या राउटरमध्ये असे शंभरच पत्ते होते आणि दिलेला पत्ता चोवीस तास त्याच्याच नावावर अडकायचा, भलेही माणूस पोहे खाऊन केव्हाचा घरी गेला असेल. डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, सेटिंगमध्ये लीज टाइम (पत्ता किती वेळ अडकतो तो) एक तास करा आणि पत्त्यांची संख्या वाढवून घ्या, २५० च्या आसपास मिळतात. तेव्हापासून ती तक्रार बंद.

६. पाटी

वायफायचा क्यूआर कोड छापून लॅमिनेट करा, पण पैशाच्या क्यूआरपासून दूर, टेबलावरच चिकटवा. गल्ल्यावर दोन्ही शेजारी लावले तर लोकं चुकीचाच स्कॅन करतात. मग एखाद्या मोकळ्या दुपारी दोन-तीन फोन घेऊन सगळ्यात मागच्या टेबलावर बसा, सगळ्यांवर व्हिडिओ लावा, आणि तेवढ्यातच गल्ल्यावर कोणाला तरी दहा रुपये पाठवायला सांगा. पैसे लगेच आल्याचं दिसलं तर नेट बरोबर लागलंय.