श्वानोमा की न्यूरोफायब्रोमा? स्लाइड अशी बघा

सोलापुरात पॅथॉलॉजी शिकणाऱ्या ज्युनियर पोरांसाठी लिहितोय. श्वानोमा आणि न्यूरोफायब्रोमा या दोन्ही मज्जातंतूच्या आवरणातून वाढणाऱ्या, सहसा कॅन्सर नसलेल्या गाठी, मायक्रोस्कोपखाली त्या वेगळ्या कशा ओळखायच्या ते सांगतो. आधी लो पॉवरवरच थांबा, डायरेक्ट ४० एक्सवर (जास्त मोठं दाखवणाऱ्या भिंगावर) उडी मारू नका, गाठीला कॅप्सूल (भोवतीचं आवरण) आहे का बघा, असेल तर कल श्वानोमाकडे. मग पेशी दाट असलेला अँटोनी ए आणि ढिला, विरळ अँटोनी बी असे दोन्ही भाग शोधा. ए मध्ये न्यूक्लिअस (पेशीकेंद्रं) समोरासमोर ओळीत उभे अन् मधे नुसता गुलाबी पट्टा दिसला की ती व्हेरोके बॉडी, १९१० पासूनची ओळख आहे ती, मला तर दरवेळी आपल्या चादरीचे पट्टेच आठवतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीपण जाड, गुलाबी असतात.

न्यूरोफायब्रोमात कॅप्सूल बहुतेक नसतेच, न्यूक्लिअस बारीक नागमोडी, मधे गाजराच्या किसासारखं कोलॅजन (तंतुमय प्रथिन), शिवाय मास्ट सेल (दाणेदार रोगप्रतिकारक पेशी). तरीही अडलात तर एस-१०० (श्वान पेशींमधलं प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी) लावा, श्वानोमात जवळपास सगळ्या पेशी रंगतात, न्यूरोफायब्रोमात थोड्याच, आणि तिथं सीडी-३४ (तसंच रंगवून बघायचं दुसरं प्रथिन) वाल्या पेशीपण सापडतात.

आणि हो, जुन्या श्वानोमात मोठे काळे वेडेवाकडे न्यूक्लिअस दिसले म्हणून लगेच कॅन्सर लिहून मोकळे होऊ नका, मीपण एकदा घाबरलेलो, आधी मायटोसिस (विभाजन होत असलेल्या पेशी) शोधा.