कोकणात घर बांधताना ओलीची तयारी: आतल्या भिंती विसरू नका

जागा उंचावर, पाण्याला उतार, वाळवीची फवारणी हे सगळेच बघतात. खरी तयारी जोत्याची. जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून निदान ४५० मिमी, म्हणजे दीड फूट वर घ्या. समोरचा रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत जातो, म्हणून जमलं तर दोन फूट. आत मुरूम १५० मिमीच्या थरांत, पाणी मारून, धुमसून. वर सोलिंग म्हणजे दगडांचा थर, मग २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, सांध्याला सहा इंच एकावर एक, आणि त्यावर पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट.

आता डीपीसी, म्हणजे जमिनीतली ओल भिंतीत चढू न देणारा थर. जोत्याच्या माथ्यावर, भिंत उचलायच्या आधी, १:२:४ काँक्रीटचा ४० मिमी थर. वॉटरप्रूफिंग पावडर पुड्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. मिस्त्रीच्या मुठीच्या अंदाजाने नाही. सात दिवस पाणी मारा, पूर्ण वाळू द्या, मग गरम डांबराचे दोन हात. ओल्यावर मारलेलं डांबर सालीसारखं सुटतं.

आणि हा थर आतल्या भिंतींखालीसुद्धा हवा. याआधी बांधलेल्या घराला बाहेरच्या भिंतींना व्यवस्थित घातला आणि आतल्या राहिल्या, कारण तिथे पाऊस लागत नाही. पाऊस लागत नाही हे खरं, पण ही ओल जमिनीतून येते. चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र. वातीत तेल चढावं तसं खालचं पाणी त्यात चढतं आणि क्षार सोबत आणतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर घराच्या मधोमध असलेल्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंग फुगला. बोटाने दाबलं की पापुद्रा कुरकुरत फुटतो आणि आतून पिठासारखा पांढरा लोणा सांडतो. खरवडून पुन्हा रंगवा, पुढच्या वर्षी तेच. भोकं पाडून केमिकल भरण्याचा उपाय खर्चिक, आणि चिऱ्याच्या पोकळ्यांत ते नेमकं कुठे जातं ते दिसत नाही.

आतल्या भिंतींमध्येही सगळ्यात धोक्याची ती चार इंची, नंतर ठरलेली. जोत्याचं काम करणारे गवंडी निघून गेलेले असतात आणि नवे लोक ती थेट पीसीसीवर उभी करतात. म्हणून नकाशा घ्या, तळमजल्याच्या प्रत्येक भिंतीवर लाल पेनाने खूण करा, आणि डांबर स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय चिऱ्याचा पहिला थर लावू देऊ नका. आतल्या भिंती. मोजून बघा.

डीपीसी घातला तरी तो फुकट घालवता येतो. बाहेरचं प्लास्टर त्या रेषेवरून सलग जमिनीपर्यंत आणलं की ओल प्लास्टरमधूनच वर जाते; रेषेवर १० मिमीची खाच सोडा. अंगणातली माती डीपीसीच्या निदान १५० मिमी खाली राहू दे. भिंतीला टेकून फुलझाडांचा वाफा नको म्हणजे नको.

हवेचं गणित वेगळं. राष्ट्रीय इमारत संहिता दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकी उघडी जागा मागते: १२ बाय १० च्या खोलीला २० चौरस फूट. स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, तेव्हा तिची निम्मीच धरा. खिडक्या समोरासमोरच्या भिंतींत हव्यात. एकाच भिंतीत दोन ठेवल्या तर वारा खोलीतून पार जात नाही. छज्जा दोन फुटांचा, त्याच्या खालच्या बाजूला पाणी तोडणारी खाच, खिडकीच्या तळाला बाहेर उतार. बाथरूमला किमान चार चौरस फुटांचं व्हेंटिलेटर. एक्झॉस्टचं सहा इंची भोक टाइल्स लावायच्या आधी, बाहेर उताराचं. दाराखाली पाऊण इंच फट ठेवा, नाहीतर पंखा फिरतो आणि आत हवाच येत नाही. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, दोन इंच सोडा, मागे बुरशी धरते.

गच्चीला कोबा, उतार १:१००, पॅरापेटच्या (कठड्याच्या) तळाशी गोलसर वाटा, ४८ तास पाणी भरून परीक्षा. बाथरूमच्या खोल घेतलेल्या (संकन) स्लॅबलाही तीच.

प्लास्टरवर रंगाची घाई नको, महिनाभर वाळू दे. फूटभर प्लास्टिक भिंतीला चारी बाजूंनी चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर थांबा. हे प्लास्टिक आतल्या भिंतींनाही लावायचं, खाली, जमिनीपासून वीतभर.