विदर्भातल्या शाळेची सहल श्रीलंकेला न्यायची तर

बहुतेक शाळा आधी आपल्या सुट्ट्या बघतात आणि तिथेच फसतात. मे ते सप्टेंबर गॉल या तिथल्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या गावाच्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो, दिवाळीच्या सुट्टीत तिकडे पाऊस असतो आणि नाताळात तिथल्या शाळा बंद, म्हणजे ज्या शाळेला भेट द्यायची तीच बंद. उरतो जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. दहावी-बारावीच्या परीक्षा तेव्हा तोंडावर असतात, म्हणून आठवी-नववीचीच मुलं न्या. तारीख ठरवताना कालनिर्णय समोर ठेवा, कारण श्रीलंकेत दर पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'ला, सार्वजनिक सुट्टी असते. ४ फेब्रुवारी हा त्यांचा स्वातंत्र्यदिन, तोही टाळा. शैक्षणिक वर्ष अलीकडे मागेपुढे होत आलंय, तेव्हा त्या आठवड्यात वर्ग भरणार का, हे यजमान शाळेला लेखी विचारून घ्या. सरकारी शाळा असेल तर तिथल्या शिक्षण खात्याची परवानगीही लागते. आपल्या बाजूने शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि शिक्षकांचं परदेशगमनाचं ना-हरकत प्रमाणपत्र, दोन्ही एकदमच मागा.

पासपोर्टला सहा महिने आधी हात घाला. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी शुल्क १००० रुपये. आई-वडील दोघांच्या सहीचं जोडपत्र 'डी' लागतं. वडील कामाला बाहेरगावी असतील आणि सही मिळणार नसेल तर जोडपत्र 'सी'. खरी अडचण येते ती नावात. आधारवर 'वानखेडे' इंग्रजीत 'व्ही'ने, शाळेच्या दाखल्यावर 'डब्ल्यू'ने. एकीकडे मधलं नाव 'देविदास', दुसरीकडे 'देवीदास'. अर्ज भरण्याआधी प्रत्येक मुलाची कागदं शेजारीशेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा, आणि विमानाचं तिकीट पासपोर्टवरून बघूनच काढा, हजेरीपटावरून नाही. श्रीलंकेला प्रवेशाच्या दिवसापासून पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. प्रवास-परवान्याचा अर्ज ऑनलाइन होतो. त्याचे नियम आणि शुल्क बदलत असतात, तेव्हा अधिकृत संकेतस्थळच बघा.

नागपूर किंवा बल्लारशाहून रेल्वेने चेन्नई आणि तिथून दीड तासाच्या आसपास विमान, हा मार्ग खिशाला परवडतो. पण दिल्लीहून येणाऱ्या गाड्या जानेवारीत धुक्यामुळे रखडतात. चेन्नईत एक मुक्काम ठेवाच. त्याच दिवशीचं विमान धरू नका. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, ठेचा-लोणचं मोठ्या बॅगेत.

भेट म्हणून संत्री किंवा बोंडासकट कापूस नेऊ नका. फळं आणि बियाणं विमानतळावर अडवलं जातं. संत्रा बर्फीचे बंद डबे न्या, आणि त्याहून बरं म्हणजे दोन-तीन टकळ्या आणि पेळू (टकळी टोकदार असते, मोठ्या बॅगेत टाका). वर्गात सिंहली किंवा तमिळ माध्यम असतं, इंग्रजी दोघांनाही अवघड जातं; सूत काढून दाखवायला भाषा लागत नाही. शाळा साधारण साडेसातला भरते आणि दीडला सुटते, म्हणून भेट सकाळीच. चाळीस जण एका वर्गात कोंबू नका, पाच-पाचच्या गटांत वाटा. फोटोआधी मुख्याध्यापकांना विचारा.

गॉलचा किल्ला दुपारी चारनंतर. जुन्या दरवाज्याची आतली बाजू मुलांना थांबवून दाखवा: डच ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह, त्यावर कोंबडा आणि १६६९ हे साल. आतली डचांनी बांधलेली गटारं भरतीच्या पाण्याने धुऊन निघत. आपल्या गावच्या नाल्या बघितलेल्या मुलांना यात फार रस वाटतो. तटाला सगळीकडे कठडा नाही, सेल्फी काढताना मागे सरकू देऊ नका. तापमान तिशीतलंच असलं तरी हवा दमट, घाम वाळत नाही. पंचेचाळीस अंश सोसलेली मुलं 'हे तर काहीच नाही' म्हणत पाणी टाळतात आणि भोवळ येते. दर तासाला सगळ्यांना पाणी पाजा, ओआरएस सोबत असू द्या.

समुद्राचं मात्र नीट समजावून सांगा, तेही गावातच. विहिरीत सूर मारणारी मुलं इथे जास्त धोक्यात येतात, कारण त्यांना पोहता येतं. विहिरीचं पाणी ओढत नाही. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी एखाद्या पट्ट्यातून जोराने मागे जातं. तो पट्टा वरून शांत, गडद दिसतो, लाट तिथे फुटत नाही, आणि मुलं नेमकी तिथेच उतरतात. सापडलंच कोणी तर किनाऱ्याकडे झुंजू नये. तरंगत राहावं, हात वर करावा, जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावं. लाल बावटा असेल तर पाण्यात पाय नाही. नसेल तरी गुडघ्यापर्यंतच, जोडीने, आठ मुलांमागे एक मोठं माणूस आणि दर दहा मिनिटांनी मोजणी. मोजणारा शिक्षक पाण्याबाहेर, मोबाइल खिशात.

परतीच्या आदल्या रात्री प्रत्येक बॅग उपसून बघा. मोज्यांत गुंडाळलेले प्रवाळाचे तुकडे हमखास निघतात. प्रवाळ देशाबाहेर नेणं तिथे बेकायदा आहे. ते किनाऱ्यावरच ठेवून या.